स्वयंचलित क्रोनोग्राफ घड्याळ

स्वयंचलित क्रोनोग्राफ हे नेहमीची वेळ दाखवण्याबरोबरच स्वतंत्र काट्यांच्या साहाय्याने एखाद्या घटनेस लागलेला कालावधी मोजणारे यांत्रिक मनगटी घड्याळ होय. त्यातील मुख्य स्प्रिंग मनगटाच्या हालचालीने आपोआप गुंडाळली जाते. त्यामुळे या घड्याळास सेल लागत नाही आणि नियमित वापरात रोज चावीही द्यावी लागत नाही. साध्या स्वयंचलित घड्याळाच्या तुलनेत याची रचना बरीच गुंतागुंतीची असते. त्याची अंतर्गत यंत्रणा मोठ्या प्रमाणावर तयार करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. या दोन कारणांमुळे कमी किमतीत विश्वासार्ह स्वयंचलित क्रोनोग्राफ मिळणे कठीण असते. भारतात आयात शुल्क आणि देखभालीचा खर्च यांमुळे ही अडचण आणखी वाढते.

संज्ञा

‘क्रोनोग्राफ’ हा शब्द ‘काळ’ आणि ‘लिहिणे’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. आरंभीची काही उपकरणे तबकडीवर शाईचा ठिपका उमटवून वेळ नोंदवीत, म्हणून हे नाव पडले. क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटर या संज्ञांची अनेकदा गल्लत होते. क्रोनोग्राफ हे कालावधी मोजणारे साधन आहे, तर क्रोनोमीटर ही अचूकतेची चाचणी उत्तीर्ण झालेल्या घड्याळास दिली जाणारी उपाधी आहे. आयएसओ ३१५९ या मानकानुसार क्रोनोमीटरची यंत्रणा पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस तापमानांत तपासली जाते. नेहमीच्या आकाराच्या यंत्रणेचा सरासरी दैनिक फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावा लागतो. प्रत्येक क्रोनोग्राफ क्रोनोमीटर असतोच असे नाही.

रचना व कार्य

घड्याळाच्या मागील बाजूस अर्धवर्तुळाकार वजनदार पत्रा आसावर फिरत असतो. त्यास रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. स्प्रिंगमधील ऊर्जा चाकांच्या मालिकेतून एस्केपमेंटकडे व तेथून बॅलन्स चाकाकडे जाते. बॅलन्स चाकाची आंदोलने घड्याळाची गती ठरवतात. येथपर्यंतची रचना कोणत्याही स्वयंचलित घड्याळासारखीच असते.

क्रोनोग्राफमध्ये या रचनेस कालमापनाची दुसरी यंत्रणा जोडलेली असते. केसच्या कडेला चावीच्या वर व खाली साधारणपणे दोन बटणे असतात. वरच्या बटणाने मापन सुरू होते व थांबते. खालच्या बटणाने काटे शून्यावर परततात. ही क्रिया तीन भागांवर अवलंबून असते.

नियंत्रक : बटणाचा दाब कोणत्या तरफेपर्यंत पोहोचवायचा हे नियंत्रक ठरवतो. तो कॉलम व्हील, म्हणजे उभ्या खांबांचे छोटे चाक, या प्रकारचा असतो किंवा एकावर एक बसवलेल्या पत्र्यांचा कॅम असतो. कॉलम व्हील घडवणे अधिक खर्चिक असते. कॅम ठोकळ साच्यातून काढता येतो. कॉलम व्हीलचे बटण सहसा हलके दाबले जाते. मापनाच्या अचूकतेत मात्र केवळ या निवडीमुळे फरक पडत नाही.

क्लच : चालू घड्याळाची गती कालमापनाच्या काट्यास देण्याचे काम क्लच करतो. आडव्या क्लचमध्ये दातेरी चाके बाजूने एकमेकांत अडकतात, त्यामुळे सुरुवातीस काटा किंचित उडी घेऊ शकतो. उभ्या क्लचमध्ये चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात व काटा सहज सुटतो. दोन्हींपेक्षा सोपा पर्याय म्हणजे कलती पिनियन. एदुआर हॉयर यांनी १८८७ मध्ये तिचे एकस्व घेतले.

शून्यावर आणणारा कॅम : काट्याच्या आसावर हृदयाच्या आकाराचा कॅम असतो. त्यावर हातोडीसारखी तरफ आपटली की कॅम कोणत्याही स्थितीतून फिरून एकाच ठिकाणी स्थिरावतो आणि काटा शून्यावर येतो. ही कल्पना अडॉल्फ निकोल यांच्या १८४४ मधील एकस्वातून पुढे आली.

मापनाची सूक्ष्मता आंदोलनांवर अवलंबून असते. ताशी २१,६०० अर्धआंदोलने करणारी यंत्रणा सेकंदाचा सहावा भाग, २८,८०० करणारी आठवा भाग आणि ३६,००० करणारी दहावा भाग मोजू शकते.

इतिहास

लुई म्वाने यांनी १८१६ मध्ये खगोलीय निरीक्षणांसाठी कालावधी मोजणारे उपकरण पूर्ण केले. निकोला रियुसेक यांनी १८२१ मध्ये पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतीत शाईने नोंद करणारे उपकरण वापरले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्रोनोग्राफ मनगटावर आला. ब्राइटलिंगने १९३४ मध्ये शून्यावर आणण्यासाठी स्वतंत्र दुसरे बटण दिले आणि आजची दोन बटणांची मांडणी रूढ झाली. स्वयंचलित मनगटी घड्याळे १९२० च्या दशकापासून बनत होती. तरीही क्रोनोग्राफ सुमारे चार दशके चावीचेच राहिले, कारण रोटर आणि कालमापनाची यंत्रणा दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगत.

हा प्रश्न १९६९ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी सोडवला. झेनिथने १० जानेवारी रोजी ‘एल प्रिमेरो’ जाहीर केली. हॉयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन व द्युब्वा-देप्राझ यांच्या गटाने ३ मार्च रोजी ‘क्रोनोमॅटिक’ सादर केली. जपानमध्ये सीकोची ६१३९ ही यंत्रणा असलेली घड्याळे त्याच वर्षी मे महिन्यात विक्रीस आली. सीकोने कॉलम व्हील व उभा क्लच एकत्र वापरले होते आणि घड्याळ तुलनेने स्वस्त ठेवले होते. अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३-७४ मधील स्कायलॅब मोहिमेत हेच घड्याळ वापरले.

त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी सीकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढील दशकात स्वस्त व अधिक अचूक क्वार्ट्झ घड्याळांमुळे यांत्रिक घड्याळांची मागणी कोसळली. झेनिथमध्ये १९७५ साली यांत्रिक उत्पादन बंद करण्याचा आदेश आला, तेव्हा शार्ल व्हेर्मो या कर्मचाऱ्याने साचे व अवजारे कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवली. त्यांच्याच आधारे १९८० च्या दशकात ‘एल प्रिमेरो’चे उत्पादन पुन्हा सुरू करता आले. व्हाल्जू ७७५० ही यंत्रणाही त्या मंदीत थांबली व नंतर पुन्हा सुरू झाली. आजच्या परवडणाऱ्या स्वयंचलित क्रोनोग्राफचा पाया प्रामुख्याने तिनेच घातला.

प्रचलित यंत्रणा

घड्याळावरील नाव आणि आतील यंत्रणेचा उत्पादक वेगवेगळे असू शकतात. अनेक कंपन्या बाहेरून घेतलेली यंत्रणा आपल्या केसमध्ये बसवतात. त्यामुळे या वर्गातील घड्याळांची तुलना करताना तबकडीवरील नावाइतकेच यंत्रणेचे नाव महत्त्वाचे ठरते.

व्हाल्जू ७७५० : एदमों काप यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेली ही यंत्रणा आता स्वॉच समूहातील ईटीए कंपनी बनवते. तिचा व्यास सुमारे ३० मिमी व जाडी ७.९ मिमी असते. तीत कॅम व कलती पिनियन वापरली आहे. रोटर एकाच दिशेने स्प्रिंग गुंडाळतो व उलट दिशेने मोकळा फिरतो. ती थरथर मनगटाला जाणवते. टिसॉट व हॅमिल्टन यांच्या काही घड्याळांत तिच्या सुधारित आवृत्त्या असून त्यांचा ऊर्जासाठा सुमारे ६० तासांचा आहे.

सेलिटा एसडब्ल्यू५०० : ७७५० च्या एकस्वाची मुदत संपल्यानंतर सेलिटा या स्विस कंपनीने त्याच आराखड्यावर बनवलेली यंत्रणा. ईटीएने इतर कंपन्यांचा पुरवठा कमी केल्यानंतर स्वतंत्र छोट्या कंपन्यांकडून तिला मोठी मागणी आली.

सी०१.२११ : स्वॉच समूहाची कमी खर्चाची यंत्रणा. तिचा वारसा लेमानिया ५१०० या जुन्या यंत्रणेकडे जातो. तीत १५ ज्वेल असून काही भाग प्लास्टिकचे आहेत. स्वॉच व टिसॉट यांच्या स्वस्त स्वयंचलित क्रोनोग्राफमध्ये ती वापरली गेली.

सीको एनई८८ : उभा क्लच व कॉलम व्हील असलेली जपानी यंत्रणा. सीको समूह ती इतर कंपन्यांनाही पुरवतो.

संयुक्त यंत्रणा : काही घड्याळांत साध्या स्वयंचलित यंत्रणेवर क्रोनोग्राफचा वेगळा संच बसवलेला असतो. असा संच बिघडल्यास तो दुरुस्त करण्याऐवजी पूर्ण बदलला जाण्याची शक्यता अधिक असते.

किंमत अधिक असण्याची कारणे

साध्या स्वयंचलित यंत्रणांचे उत्पादन स्वित्झर्लंड, जपान आणि चीन येथे प्रचंड प्रमाणात होते, म्हणून ती घड्याळे स्वस्त मिळू शकतात. क्रोनोग्राफमध्ये तरफा, स्प्रिंगा, हातोड्या व जादा चाके यांची भर पडते. जुळणीनंतर प्रत्येक तरफेचा दाब तपासावा लागतो. ईटीए २८२४ या साध्या यंत्रणेची जाडी ४.६ मिमी आहे. ७७५० तिच्यापेक्षा तीन मिमीहून अधिक जाड आहे. त्यामुळे केसही मोठी करावी लागते. बटणांसाठी केसला आणखी दोन छिद्रे पडतात व पाणी रोखण्यासाठी तेथे स्वतंत्र रबरी वायसर लागतात.

दुसरा घटक देखभालीचा आहे. यांत्रिक घड्याळ साधारण पाच वर्षांच्या आसपास पूर्ण उघडून, स्वच्छ करून, नव्याने तेल घालून जुळवावे लागते. क्रोनोग्राफला या कामासाठी अधिक वेळ व विशेष प्रशिक्षण लागते, म्हणून त्याचा खर्च साध्या स्वयंचलित घड्याळापेक्षा बराच जास्त येतो. स्वस्त घड्याळाच्या बाबतीत एका देखभालीचा खर्च मूळ किमतीच्या तुलनेत लक्षणीय ठरू शकतो. त्यामुळे परवडण्याचा हिशेब खरेदीची किंमत, कर आणि देखभाल या तिन्हींच्या बेरजेवर करावा लागतो. प्रचलित यंत्रणा असलेल्या घड्याळाचे सुटे भाग व जाणकार कारागीर तुलनेने सहज मिळतात.

भारतीय पार्श्वभूमी

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’ व ‘पायलट’ ही चावीची आणि ‘कांचन’सारखी स्वयंचलित घड्याळे घरोघरी पोहोचली. या घड्याळांचा भर वेळ, वार व तारीख दाखवण्यावर होता. टायटनची स्थापना १९८४ मध्ये झाली. तिने क्वार्ट्झ घड्याळांवर भर दिला आणि बाजाराचे स्वरूप पालटले. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. स्वयंचलित क्रोनोग्राफची यंत्रणा भारतात मोठ्या प्रमाणावर बनवण्याची परंपरा निर्माण झाली नाही, म्हणून हा प्रकार मुख्यतः आयातीवर अवलंबून राहिला.

२०१८ च्या अर्थसंकल्पात मनगटी घड्याळांवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि एकूण रकमेवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो. या दरांनुसार १,००,००० रुपये आयात मूल्याच्या घड्याळावर २०,००० रुपये शुल्क, २,००० रुपये अधिभार आणि १,२२,००० रुपयांवर २१,९६० रुपये कर लागतो. आयातदार व विक्रेता यांचा नफा धरण्यापूर्वीच किंमत १,४३,९६० रुपये होते. व्यक्तिगत वापरासाठी टपाल वा कुरिअरने मागवलेल्या वस्तूंना वेगळे शुल्क लागू होते.

भारत आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टनस्टाइन यांच्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेमधील करारावर १० मार्च २०२४ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. त्यात स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने हटवण्याची तरतूद आहे. जपानी व चिनी घड्याळांना हा करार लागू होत नाही.

कमी किमतीचे पर्याय

चावीचा क्रोनोग्राफ : चीनमधील त्यांजिन येथील सी-गल कंपनीची एसटी१९ ही यंत्रणा व्हीनस १७५ या स्विस यंत्रणेवर आधारलेली आहे. चिनी हवाई दलासाठी १९६१ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून ती विकसित झाली. तीत कॉलम व्हील असूनही ती स्वस्त आहे. तिच्यात रोटर नसल्याने चावी द्यावी लागते. विक्रीच्या जाहिरातींत ‘मेकॅनिकल’ एवढाच शब्द असल्यास घड्याळ स्वयंचलित आहे असे गृहीत धरता येत नाही.

मेका-क्वार्ट्झ : सीकोच्या व्हीके६३ सारख्या यंत्रणेत वेळ सेलवर चालते, पण क्रोनोग्राफचे काटे यांत्रिक तरफांनी क्षणात शून्यावर येतात. बटणाचा अनुभव यांत्रिक घड्याळाच्या जवळ जातो व देखभाल अल्प असते.

सौर क्वार्ट्झ : प्रकाशावर भारित होणारी ही घड्याळे अचूक असून त्यांना वारंवार सेल बदलावा लागत नाही.

आभासी क्रोनोग्राफ : काही स्वस्त स्वयंचलित घड्याळांच्या तबकडीवर तीन छोटी वर्तुळे व कडेला दोन बटणे असतात, प्रत्यक्षात ती वार, तारीख, महिना किंवा चोवीस तास दाखवतात आणि बटणे ती जुळवण्यासाठी असतात. मधला मोठा सेकंद काटा सतत फिरत असेल व वरच्या बटणाने सुरू वा बंद होत नसेल, तर ते घड्याळ सहसा क्रोनोग्राफ नसते.

जुनी घड्याळे

१९७० च्या दशकातील सीको व अन्य कंपन्यांचे क्रोनोग्राफ जुन्या वस्तूंच्या बाजारात कमी किमतीत मिळतात. मात्र भारतातून विकल्या जाणाऱ्या जुन्या घड्याळांत पुन्हा रंगवलेल्या तबकड्या, नंतर बसवलेले काटे आणि वेगवेगळ्या घड्याळांतून एकत्र केलेले भाग वरचेवर आढळतात. तबकडीवरील पुसट किंवा जाडसर अक्षरे, मूळ मॉडेलमध्ये नसलेला रंग आणि केसच्या गोल झालेल्या कडा ही त्याची सामान्य लक्षणे होत. खरेदीपूर्वी मागचे झाकण उघडून यंत्रणेचा क्रमांक पाहणे, क्रोनोग्राफ किमान अर्धा तास चालवून मिनिटांचा काटा पुढे सरकतो का आणि सर्व काटे नेमके शून्यावर येतात का हे तपासणे आवश्यक असते.

नागपूर येथील खरेदी व देखभाल

नागपुरातील सीताबर्डी, सदर, इतवारी व धरमपेठ या बाजारपेठांत घड्याळांची दुकाने व दुरुस्तीची छोटी दुकाने आहेत. सेल, पट्टा, काच बदलणे व चावीच्या साध्या घड्याळांची दुरुस्ती अशी कामे स्थानिक पातळीवर होतात. क्रोनोग्राफच्या संपूर्ण देखभालीसाठी मोठ्या कंपन्या आपली केंद्रे साधारणपणे महानगरांत ठेवतात व इतर शहरांतील अधिकृत विक्रेते घड्याळ तेथे पाठवतात. त्यामुळे महानगराबाहेरील ग्राहकाच्या दृष्टीने हमीपत्राची वैधता, घड्याळ पाठवण्याचा खर्च कोणाचा आणि परत मिळण्यास लागणारा काळ या बाबी किमतीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

अधिकृत आयातीखेरीज समांतर आयातीची घड्याळेही स्वस्तात विकली जातात. त्यांना उत्पादकाची भारतातील हमी सहसा मिळत नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. हा मजकूर नसणे हे समांतर आयातीचे लक्षण असू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणून मुंबईहून किंवा ऑनलाइन घेतलेल्या घड्याळाबाबत नागपूरचा रहिवासी नागपूर जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. त्यासाठी कराच्या तपशिलासह पक्के बिल व शिक्का मारलेले हमीपत्र जपून ठेवणे आवश्यक असते.

विदर्भाच्या हवामानाचाही घड्याळावर परिणाम होतो. मे महिन्यात नागपूरचे कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते, म्हणजे क्रोनोमीटर चाचणीतील ३८ अंशांच्या बरेच वर जाते. मनगटावरील घड्याळ शरीराच्या तापमानाजवळ राहते. पण उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेले घड्याळ त्याहून खूप तापते. अशा उष्णतेने तेल पातळ होऊन पसरते व रबरी वायसर लवकर कडक होतात. त्यानंतरच्या पावसाळ्यात तीच वायसर दमट हवा रोखू शकत नाहीत आणि काचेच्या आत बाष्प धरते. म्हणून पावसाळ्यापूर्वी जलरोधकतेची तपासणी उपयुक्त ठरते. विशेष सोय नसलेल्या घड्याळाची बटणे पाण्यात दाबू नयेत. तारीख बदलण्याची यंत्रणा गुंतलेली असताना, म्हणजे साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत, ७७५० प्रकारच्या घड्याळाची तारीख चावीने बदलू नये.

मोजपट्ट्या व उपयोग

टॅकीमीटर : कडेवरील ही पट्टी ३,६०० भागिले सेकंद या सूत्रावर आधारलेली असते. नागपूर ते मुंबई या ७०१ किमी लांबीच्या समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. एक किलोमीटर अंतर ३० सेकंदांत कापले गेल्यास काटा १२० वर थांबतो. ३६ सेकंद लागल्यास १०० वर थांबतो. हे मापन चालकाने न करता सहप्रवाशाने करणे सुरक्षित असते.

टेलिमीटर : वीज चमकताच मापन सुरू करून गडगडाट ऐकू येताच थांबवल्यास विजेचे अंतर कळते. ध्वनीला एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात.

पल्सोमीटर : तबकडीवर नमूद केलेल्या संख्येइतके, उदाहरणार्थ १५ किंवा ३०, ठोके मोजून होताच मापन थांबवल्यास नाडीची प्रतिमिनिट गती थेट वाचता येते.

हेही पाहा

घड्याळ
क्वार्ट्झ घड्याळ
क्रोनोमीटर
एचएमटी
टायटन
समृद्धी महामार्ग